‘कोश्यारी समिती लागू करा’: लोकांच्या अर्जाचे संसदेत नेमके काय होते?

एसटी महामंडळ, सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, खासगी कंपन्या अशा ठिकाणी आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या आणि ‘ईपीएस-९५’, म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५, या योजनेचे तुटपुंजे निवृत्तिवेतन घेणाऱ्या कामगारांच्या मोर्चांमध्ये एक घोषणा वर्षानुवर्षे ऐकू येते: ‘कोश्यारी समिती लागू करा.’ या समितीने २०१३ मध्ये किमान निवृत्तिवेतन दरमहा ३,००० रुपये करावे अशी शिफारस केली. सरकारने सप्टेंबर २०१४ पासून ते १,००० रुपये ठरवले. संसदेच्या समितीने ३,००० सांगितले असताना सरकार १,००० वर कसे थांबू शकते, हा या वृद्धांचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे. समितीने सांगितले म्हणजे सरकारवर ते बंधनकारक झाले, असे ते गृहीतक आहे आणि ते बरोबर नाही.

ही समिती वेतन आयोगासारखी सरकारने नेमलेली नव्हती. निवाडा देणारे न्यायाधिकरणही ती नव्हती. ती राज्यसभेची याचिका समिती होती, म्हणजे सामान्य नागरिकांनी सभागृहाकडे पाठवलेल्या अर्जांची छाननी करणारी खासदारांची समिती. भगतसिंह कोश्यारी तेव्हा तिचे अध्यक्ष होते, म्हणून लोकांनी तिला त्यांचे नाव दिले. पुढे २०१९ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि मराठी वाचकांना ते ठाऊक झाले ते बहुतेक त्या नात्यानेच. परंतु अहवाल एकट्या अध्यक्षांचा नसतो. तो निरनिराळ्या पक्षांच्या सदस्यांचा मिळून असतो. ही समिती कशी चालते हे समजले, की तिच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हेही आपोआप समजते.

ही समिती असते कोणाची?

संसदेच्या दोन्ही सभागृहांची आपापली याचिका समिती असते. लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात आणि त्यांना लोकसभेचे अध्यक्ष नामनिर्देशित करतात. राज्यसभेच्या समितीत १० सदस्य असतात आणि त्यांना सभापती नेमतात. लोकसभेच्या नियमांनुसार मंत्र्याला या समितीवर राहता येत नाही. ज्या खात्याबद्दल तक्रार आली त्याच खात्याचा प्रमुख तक्रारीची चौकशी करायला बसला, तर चौकशीला अर्थच उरणार नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

समिती सभागृहाची असते, सरकारची नसते, हा मुद्दा या साऱ्या विषयाचा पाया आहे. आपल्या संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. त्यामुळे सरकारला जाब विचारण्याचे काम सभागृहाचे, आणि पूर्ण सभागृहाला प्रत्येक तक्रारीचे कागद चाळणे शक्य नसल्यामुळे ते काम समितीचे. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत सभासदाने पाण्याच्या टाकीबद्दल सर्वसाधारण सभेला पत्र द्यावे, सभेने पाच जणांना त्यात लक्ष घालायला सांगावे, त्या पाच जणांनी सचिवाला हिशेबाच्या वह्यांसह समोर बसवावे आणि शेवटी सभेला लेखी सांगावे की टाकी बदलली पाहिजे, असा हा प्रकार आहे. त्या पाच जणांना वह्या मागवता येतात, प्रश्न विचारता येतात, चूक कोणाची हे लिहिता येते. पण चेकबुक त्यांच्या हातात नसते. टाकीचे पैसे देणारी सही दुसऱ्याचीच असते.

अर्ज करण्याचा हक्क आला कुठून?

राज्यकर्त्यांकडे गाऱ्हाणे नेण्याची रीत जुनी आहे. मराठी प्रदेशाचा विचार केला, तर नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, दादाभाई नौरोजी यांचा सहभाग असलेली ‘बॉम्बे असोसिएशन’ ही संस्था १८५२ मध्ये स्थापन झाली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा प्रश्न पुन्हा चर्चेला आला तेव्हा तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. पुढे जहाल नेत्यांनी अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाची यथेच्छ टिंगल केली, आणि परक्या सत्तेपुढे केलेल्या विनवण्यांबाबत ती योग्यही होती. स्वतः निवडून दिलेल्या सभागृहाकडे अर्ज करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तेथे अर्जदार आणि सभागृह यांचे नाते याचक आणि दाता असे राहत नाही.

या समितीचे मूळही स्वातंत्र्यापूर्वीचे आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये ‘कौन्सिल ऑफ स्टेट’मध्ये, म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, एका सदस्याने याविषयी ठराव मांडला; २० फेब्रुवारी १९२४ रोजी सार्वजनिक अर्जांची समिती पहिल्यांदा स्थापन झाली आणि १९३१ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. म्हणजे राज्यघटनेपेक्षा ही समिती वयाने मोठी आहे.

राज्यघटनेत ‘संसदेकडे अर्ज करण्याचा मूलभूत हक्क’ असे वेगळे कलम नाही. कलम ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे वा प्राधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करता येते. संसदेला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार कलम ११८ ने दिला आहे, आणि विधिमंडळांना तोच अधिकार कलम २०८ ने दिला आहे. अर्जांची सारी व्यवस्था या नियमांमध्ये आहे. म्हणूनच अर्ज फेटाळला गेला तर ‘माझा मूलभूत हक्क डावलला’ असे म्हणून न्यायालयात जाण्यात फारसा अर्थ नसतो.

कोणता अर्ज चालतो आणि कोणता चालत नाही?

बहुतेक अर्ज येथेच अडतात, त्यामुळे या भागात थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

अर्ज तीन प्रकारच्या विषयांवर करता येतो: सभागृहात मांडलेले किंवा प्रसिद्ध झालेले विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेले अन्य कामकाज, आणि सर्वसाधारण सार्वजनिक हिताचा कोणताही विषय. तिसरा प्रकार वरवर पाहता अमर्याद वाटतो, पण त्याला चार कुंपणे आहेत. न्यायालय, न्यायाधिकरण, चौकशी आयोग किंवा तत्सम संस्थेच्या कक्षेत येणारा विषय चालत नाही. जो विषय सामान्यतः राज्याच्या विधिमंडळात उपस्थित व्हायला हवा, तो लोकसभेकडे नेता येत नाही. जो विषय सदस्याला स्वतंत्र प्रस्तावाने किंवा ठरावाने सभागृहात आणता येतो, तो अर्जाच्या वाटेने आणता येत नाही. आणि ज्या तक्रारीवर कायद्यात, नियमांत किंवा उपविधींत उपाय उपलब्ध आहे, तिच्यासाठी अगोदर तो उपाय वापरावा लागतो.

आता हे नियम प्रत्यक्षात कसे लागू होतात ते पाहू. ‘माझे निवृत्तिवेतन सहा महिने थकले आहे’ ही तक्रार भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने सोडवायची आहे. तिच्यासाठी तक्रार निवारणाची सोय आहे. ‘निवृत्तिवेतनाची किमान रक्कम ठरवण्याची पद्धतच अन्यायकारक आहे आणि योजनेत बदल हवा’ हा मात्र धोरणाचा प्रश्न आहे, तो लाखो लोकांना लागू होतो आणि त्यावर कोणताही कारकून किंवा आयुक्त स्वतःच्या अधिकारात निर्णय देऊ शकत नाही. दुसरा विषय समितीपुढे टिकतो, पहिला टिकत नाही. दुःख दोन्हीकडे सारखेच असले तरी ते कोणत्या दारावर न्यायचे, हे अर्जदाराने ओळखणे भाग आहे.

अर्जाच्या रूपाचेही नियम आहेत. तो सभागृहाला उद्देशून असावा, भाषा संयत आणि सभ्य असावी, अर्जदाराचे पूर्ण नाव व पत्ता असावा, सही असावी आणि लिहिता येत नसेल तर अंगठा असावा. संसदेसाठी अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. मराठीत लिहिला तर अर्जदाराची सही असलेले हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे लागते. आपल्याकडे कोणत्याही अर्जाला आधार कार्डापासून प्रतिज्ञापत्रापर्यंत कागदांचा गठ्ठा जोडण्याची सवय झालेली असल्यामुळे पुढील नियम वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल: मूळ अर्जाला पत्रे, प्रतिज्ञापत्रे किंवा अन्य दस्तऐवज जोडायचे नसतात. जे म्हणायचे ते अर्जातच म्हणायचे, आणि शेवटी सभागृहाने काय करावे अशी प्रार्थना आहे, हे स्पष्ट लिहायचे.

या चौकटीत न बसणाऱ्या पत्रांसाठीही लोकसभेने एक खिडकी ठेवली आहे. अध्यक्षांच्या निर्देशांनुसार व्यक्तींची व संघटनांची साधी निवेदनेसुद्धा समिती विचारात घेऊ शकते. मात्र निनावी पत्रे, ज्यांवरचे नाव-पत्ता वाचता येत नाही अशी पत्रे, आणि दुसऱ्याच कोणाला लिहिलेल्या पत्राची ‘माहितीसाठी प्रत’ म्हणून आलेले कागद विचारात न घेता दप्तरी जमा होतात. राष्ट्रपतींपासून तहसीलदारापर्यंत सर्वांना एकाच पत्राच्या प्रती पाठवणाऱ्या संघटनांनी या नियमाची विशेष दखल घ्यावी.

सभागृहात अर्ज ‘सादर’ होतो म्हणजे काय?

अर्ज दोन वाटांनी सभागृहात पोहोचतो. एखादा सदस्य त्यावर प्रतिस्वाक्षरी करून, म्हणजे अर्जदाराच्या सहीसोबत आपलीही सही करून, तो सादर करतो. किंवा अर्ज महासचिवांकडे पाठवला जातो आणि ते सभागृहाला तसे कळवतात. सादर करताना सदस्याला भाषण करता येत नाही. कोणाचा अर्ज, कशाबद्दल, एवढेच तो सांगतो. त्यावर चर्चा होत नाही आणि मतदान होत नाही. प्रेक्षक कक्षात बसलेल्या अर्जदाराला हा क्षण निराशाजनक वाटू शकतो, कारण वर्षभराच्या धडपडीनंतर त्याचा विषय अर्ध्या मिनिटात आटोपतो. खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण सादर झालेला अर्ज समितीकडे जातो.

समितीच्या खोलीत काय घडते?

समिती संबंधित मंत्रालयाकडून लेखी म्हणणे मागवते. ते आले की अर्जदाराला आणि विषयाशी संबंधित इतरांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकते. विषय मोठा असेल तर जाहीर सूचना देऊन लोकांची मते मागवते, प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहते. त्यानंतर मंत्रालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना साक्षीसाठी बोलावले जाते. व्यक्ती, कागदपत्रे आणि नोंदी हजर करायला सांगण्याचा अधिकार संसदीय समित्यांना आहे. त्याला एक अपवाद असा की, एखादा दस्तऐवज उघड केल्याने राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असे म्हणून सरकार तो देण्यास नकार देऊ शकते.

या टप्प्याचे महत्त्व पुष्कळदा लक्षात येत नाही. एखाद्या निवृत्त कामगाराने मंत्रालयाला पन्नास पत्रे लिहिली, तर त्याला ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ अशी पन्नास उत्तरे येऊ शकतात. समितीपुढे मंत्रालयाला असे उत्तर देऊन चालत नाही. तेथे त्याला खर्चाचा अंदाज द्यावा लागतो, नकाराचे कारण द्यावे लागते, आणि ते कारण पुढच्याच बैठकीत तपासले जाते. खाते एरवी तोंडी सांगून वेळ मारून नेते. येथे त्याला ते कागदावर उतरवावे लागते.

शेवटी समिती सभागृहाला अहवाल देते. लोकसभेच्या नियमांत तिचे कर्तव्य नेमकेपणाने सांगितले आहे: अर्जातील विशिष्ट तक्रारीवर आवश्यक तो पुरावा घेऊन अहवाल द्यायचा, आणि त्या प्रकरणापुरता ठोस उपाय किंवा अशा घटना पुढे घडू नयेत यासाठीचा उपाय सुचवायचा. म्हणजे एका माणसाच्या अर्जातून त्याच्यासारख्या सर्वांचा प्रश्न सुटावा, ही अपेक्षा नियमातच लिहिलेली आहे.

एका अर्जाचा प्रवास: समान पद, समान निवृत्तिवेतन

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण सैनिकांच्या ‘वन रँक वन पेन्शन’चे आहे. एकाच पदावरून, सारख्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्या दोन सैनिकांपैकी जो अगोदर निवृत्त झाला त्याला कमी आणि जो नंतर निवृत्त झाला त्याला जास्त निवृत्तिवेतन मिळते, ही तक्रार दशकांची होती. राज्यसभेच्या याच समितीकडे, कोश्यारी अध्यक्ष असतानाच, याविषयीचा अर्ज आला आणि १९ डिसेंबर २०११ रोजी तिचा १४२ वा अहवाल राज्यसभेत सादर झाला.

त्या अहवालाने दोन मोठी कामे केली. पहिले काम व्याख्येचे होते. सारख्या पदावरून सारख्या सेवेनंतर निवृत्त होणाऱ्यांना, निवृत्तीची तारीख कोणतीही असली तरी, सारखे निवृत्तिवेतन मिळावे आणि पुढे होणारी वाढ जुन्या निवृत्तांनाही आपोआप मिळावी, अशी मागणीची सुस्पष्ट मांडणी संसदेच्या कागदावर आली. दुसरे काम सरकारच्या आक्षेपांचे. प्रशासकीय, कायदेशीर आणि आर्थिक अशा तिन्ही अडचणी सरकारी बाजूने मांडल्या गेल्या. समितीने त्या ऐकल्या, २०११-१२ या वर्षासाठी सुमारे १,३०० कोटी रुपयांच्या बोजाचा आकडा नोंदवला आणि तरीही योजना लागू करावी अशी शिफारस केली.

त्यानंतर लगेच काही झाले नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये तत्कालीन सरकारने तत्त्वतः मान्यता दिली, सरकार बदलले, माजी सैनिकांचे आंदोलन झाले, आणि ५ सप्टेंबर २०१५ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली. ७ नोव्हेंबर २०१५ च्या सरकारी पत्राने ती १ जुलै २०१४ पासून लागू झाली. पण एक फरक राहिला. समितीच्या व्याख्येत वाढ ‘आपोआप’ मिळायची होती. सरकारच्या योजनेत ती दर पाच वर्षांनी फेरनिश्चितीने मिळणार होती.

हा फरक घेऊन माजी सैनिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ मार्च २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कान्त आणि न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने निकाल दिला. कोश्यारी समितीचा अहवाल हा राज्यसभेला सादर झालेला संसदीय समितीचा अहवाल आहे, तो सरकारी धोरणाचे विधान मानता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि सरकारची व्याख्या घटनाबाह्य नाही असे ठरवले. त्याच वेळी, सरकारने स्वतःच ठरवलेली पाच वर्षांची मुदत पाळून १ जुलै २०१९ पासून फेरनिश्चिती करावी आणि थकबाकी द्यावी, असा आदेशही दिला. सैनिकांना न्यायालयात जे मिळाले ते सरकारच्या पत्रावरून मिळाले. समितीच्या अहवालावरून मिळाले नाही. पण ते सरकारी पत्र निघण्यापूर्वी मागणीला जो आकार आला, त्यात अहवालाचा वाटा मोठा होता, हे नाकारता येत नाही.

मग ईपीएस-९५ चे अडले कोठे?

याच समितीने २०१३ मध्ये १४७ वा अहवाल दिला तो कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ बद्दल. किमान निवृत्तिवेतन ३,००० रुपये करावे आणि निधीत सरकार जे १.१६ टक्के अंशदान देते ते ८.३३ टक्क्यांपर्यंत वाढवावे, अशा त्यातील प्रमुख शिफारशी होत्या. दोन शिफारशी एकत्र वाचल्या तरच त्यांचा अर्थ लागतो, कारण निवृत्तिवेतन वाढवायचे तर निधीत पैसा कोठून येणार, याचे उत्तर दुसऱ्या शिफारशीत आहे. आंदोलनाच्या फलकांवर मात्र पहिलाच आकडा राहिला.

सरकारची बाजू अशी की, ही योजना अंशदानातून उभ्या राहिलेल्या सामाईक निधीवर चालते, निधीच्या मूल्यांकनात भविष्यातील देण्यांच्या तुलनेत तूट दिसते, आणि १,००० रुपयांच्या किमान रकमेसाठीही अर्थसंकल्पातून मदत द्यावी लागते. या युक्तिवादाशी असहमत होता येते. माझ्या मते तूट आहे हे सरकारी अंशदान न वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही, उलट समितीने ते वाढवायला सांगितले ते त्याचसाठी. पण हा वाद अर्थसंकल्पाचा आहे, आणि अर्थसंकल्पावरचा निर्णय मंत्रिमंडळ घेते. सैनिकांच्या बाबतीत राजकीय निर्णय झाला, येथे तो झालेला नाही. समिती तीच, अध्यक्ष तेच, पद्धत तीच. तरी निष्पत्ती वेगळी झाली, याचे कारण समितीच्या खोलीबाहेर आहे.

बंधनकारक नाही, तर मग उपयोग काय?

हा सर्वांत रास्त आक्षेप आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही. समितीची शिफारस न मानल्याबद्दल सरकारला कोणतीही शिक्षा होत नाही. शिफारशी बंधनकारक केल्या, तर सरकारी तिजोरीतून किती खर्च व्हावा हे दहा-पंधरा खासदार परस्पर ठरवू लागतील आणि त्या खर्चासाठी सभागृहाला उत्तरदायी कोण, हा प्रश्न उभा राहील. म्हणून नियम असा आहे.

तरी शिफारस हवेत विरून जात नाही. अहवालानंतर सरकारला केलेल्या कार्यवाहीचे टिपण द्यावे लागते, आणि समिती त्यावर पुन्हा अहवाल देते. त्यात शिफारशींची वर्गवारी होते: सरकारने मान्य केलेल्या, सरकारच्या उत्तरानंतर समितीने सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्यामुळे समितीने पुन्हा ठामपणे मांडलेल्या, आणि अंतिम उत्तर यायचे आहे अशा. कोणती शिफारस कोणत्या वर्गात गेली हे पाहिले, की सरकारचा नेमका नकार कोठे आहे ते कळते. संघटनांनी मूळ अहवालापेक्षा हा दुसरा अहवाल अधिक बारकाईने वाचायला हवा; दुर्दैवाने तो फारच थोडे लोक वाचतात.

अहवालाचा न्यायालयातही मर्यादित उपयोग होतो. ९ मे २०१८ रोजी कल्पना मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की, न्यायालय संसदीय समितीच्या अहवालाची दखल घेऊ शकते, मात्र त्या अहवालाची वैधता न्यायालयात तपासली जाऊ शकत नाही. म्हणजे वकिलाला तो अहवाल दाखवता येतो, पण त्याच्या आधारे ‘अंमलबजावणी करा’ असा हुकूम मागता येत नाही.

किती सह्या लागतात? आणि खासदाराने सही नाकारली तर?

एक सही पुरते. ब्रिटनमध्ये संसदेच्या संकेतस्थळावरील अर्जाला १०,००० सह्या झाल्या की सरकार उत्तर देते आणि एक लाख झाल्या की चर्चेचा विचार होतो. आपल्या संसदेत संख्येचा असा कोणताही उंबरठा नाही. म्हणून समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘पाच लाख सह्यांच्या’ मोहिमांना राजकीय वजन असले, तरी समितीपुढे त्यांच्यामुळे अर्ज अधिक स्वीकारार्ह ठरत नाही. त्या अर्जात नेमकी प्रार्थना नसेल, तर पाच लाख सह्या असूनही तो टिकत नाही.

प्रतिस्वाक्षरी करणारा सदस्य आपल्याच मतदारसंघाचा असावा अशी अट नाही, आणि सही केली म्हणून तो अर्जाशी सहमत आहे असेही समजले जात नाही. कोणीच तयार झाले नाही, तर महासचिवांची वाट मोकळी राहते. तरीही सदस्यामार्फत गेलेला विषय सभागृहात कोणीतरी आपला मानतो, आणि पुढे प्रश्नोत्तरांच्या तासात त्याची आठवण करून देणारा माणूस मिळतो, हा व्यवहार लक्षात ठेवावा.

बैठका बंद दाराआड का?

समितीच्या बैठका खासगी असतात आणि साक्षीचा मजकूर सभागृहापुढे ठेवला जाईपर्यंत गोपनीय असतो. लोकांचा विषय लोकांपासून लपवून का, असा संशय येतो. कॅमेरा नसल्यामुळे सत्ताधारी पक्षाचा सदस्यही आपल्याच सरकारच्या सचिवाला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो, हे या पद्धतीचे मुख्य समर्थन, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. तरीही अहवाल आल्यावर साक्षींचा गोषवारा मराठीसारख्या भाषांतही उपलब्ध व्हायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेले नाही.

महाराष्ट्रात हीच वाट कशी आहे?

वर सांगितलेले राज्याचे विषय, म्हणजे पाणीपुरवठा, राज्य महामार्ग, शाळांचे अनुदान, जिल्हा रुग्णालये, पुनर्वसन, हे दिल्लीला नेण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र विधानसभा आणि विधानपरिषद यांच्या स्वतंत्र विनंती अर्ज समित्या आहेत. तेथे मराठीतून अर्ज करता येतो, आणि आमदार तो सभागृहात सादर करतात. पुढची पद्धत ओळखीची आहे: संबंधित विभागाचे अभिप्राय, सचिवांची साक्ष, गरज पडल्यास जागेवर पाहणी आणि अहवाल. विधिमंडळाच्या समित्या दौऱ्यावर येणार म्हटले की जिल्ह्यातल्या कार्यालयांमध्ये फायली शोधण्याची जी धावपळ होते, ती सरकारी नोकरीत असलेल्यांना सांगायला नको. दौऱ्यातल्या सरबराईवर टीका होते आणि ती अनेकदा योग्य असते. पण हरवलेली फाइल त्या धावपळीत सापडते, हेही खरे.

एक धोका विधानसभेच्या आणि लोकसभेच्या अर्जदारांनी ध्यानात ठेवावा. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढचे प्रलंबित अर्जही व्यपगत होतात, म्हणजे आपोआप निकाली निघतात, आणि नव्या सभागृहाकडे पुन्हा सुरुवात करावी लागते. राज्यसभा आणि विधानपरिषद ही कायम सभागृहे असल्यामुळे तेथे ही अडचण येत नाही; समितीचे सदस्य बदलले तरी सभागृह तेच राहते. म्हणून निवडणूक वर्षभरावर आली असताना लांबलचक पुराव्याचा विषय असेल, तर वरिष्ठ सभागृहाचा सदस्य गाठणे व्यवहार्य ठरते.

ईपीएस-९५ च्या संघटनांपुढेही आज हाच पर्याय आहे. २०१३ च्या अहवालाला आता बरीच वर्षे झाली. महागाई बदलली, निवृत्तांची संख्या बदलली, निधीची स्थिती बदलली. जुना अहवाल लागू करा म्हणणे ही सरकारकडे केलेली राजकीय मागणी आहे आणि ती करण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. समितीकडे जायचे असेल तर मात्र नवा अर्ज हवा, आणि त्यातील प्रार्थना अशी हवी की मंत्रालयाला तीन गोष्टी लेखी द्याव्या लागतील: सरकारी अंशदान वाढवल्यास तूट किती कमी होते, किमान रकमेच्या प्रत्येक टप्प्यावर खर्च किती येतो, आणि २०१३ च्या शिफारशींपैकी कोणती कोणत्या कारणाने नाकारली.